चौसष्टावं घर

त्या बुधवारी दुपारी चार वाजता मंजुषाला तीन गोष्टी मिळायच्या होत्या. पहिली, शेंद्र्याकडं निघणाऱ्या क्लासच्या नव्या शाखेच्या प्रमुखाची खुर्ची. दुसरी, 'आपण म्हणाल तसं, मॅडम' हे वाक्य. अकरा वर्षं ती ते दुसऱ्यांना म्हणत आली होती, आता ऐकायची पाळी तिची होती. तिसरी ती कुणाला सांगत नसे. वैजापूरला भावकीच्या लग्नात 'आमची सून मोबाइल दुरुस्ती शिकवती' अशी तिची ओळख करून देणाऱ्या चुलत सासूला एकदाचं गप्प करायचं होतं. आणि या सगळ्यासाठी घालायचं काय होतं? एका विद्यार्थिनीचं अ‍ॅप आणि दहा मिनिटांचं प्रात्यक्षिक. सौदा स्वस्त होता. महागाचा सौदा माणूस उलटून पालटून बघतो. स्वस्तात डोळे झाकून हात घालतो.

मंजुषा जालना रोडवरच्या एका क्लासात मोबाइलची अ‍ॅप बनवायला शिकवायची. शिकवणारे तिथं पाच जण होते, पण अडलेलं प्रत्येक पोर फिरून फिरून तिच्याच टेबलाशी यायचं. तिच्याकडं उपायांची एक जाड वही होती. लॅपटॉपला फोन दिसत नाही? वायर बदल, ही नुसती चार्जिंगची आहे. अ‍ॅप उघडताच मिटतं? रडू नकोस, लाल अक्षरांतली पहिली ओळ वाच. "मॅडम, माझ्या लॅपटॉपवर तर नीट चालतंय," असं कुणी म्हटलं की ती म्हणायची, "मग गिऱ्हाइकाच्या घरी लॅपटॉप ठेवून ये."

वहीच्या पहिल्या पानावर लाल शाईत एकच वाक्य होतं: चाचणीचे फोन वेगळे, खऱ्या माणसांचे वेगळे. प्रत्येक तुकडीकडून पहिल्याच दिवशी ती ते पाठ करून घ्यायची.

त्या विद्यार्थिनीचं, म्हणजे स्वरालीचं, अ‍ॅप टँकरचं होतं, आणि त्यासाठी खरी माणसं मंजुषानंच मिळवून दिली होती. मंजुषा राहायची ती शहराच्या टोकाला, सातारा परिसरातली चौसष्ट घरांची सोसायटी. शहर तिथवर येऊन पोचलं होतं, पाइपलाइन मात्र मागंच राहिली होती. त्यात आदल्या वर्षी पावसानं तोंड फिरवलेलं. पाच दिवसांनी एकदा सांडूचा टँकर यायचा. सांडूचा नियम कडक होता. दारातला ड्रम रिकामा पाहिजे आणि धुतलेला पाहिजे. "अर्ध्या ड्रमात पाणी टाकत नाय मी. मंग तुम्हीच म्हणणार, शेजारणीला जास्त दिलं."

त्यामुळं टँकर निघाल्याची बातमी आली की घरात उरलेलं पाणी त्या क्षणी शिळं व्हायचं. चार दिवस तांब्यातांब्यानं जपलेल्या पाण्यात मग फरश्या पुसून निघायच्या, गाड्या धुतल्या जायच्या, ड्रम आडवे करून आत शिरून घासले जायचे. त्या दहा मिनिटांत सोसायटीत कुणीही दुष्काळग्रस्त नसायचं.

अ‍ॅपचं काम एवढंच, की सांडू निघाला की सगळ्यांच्या फोनवर निरोप जावा. सोसायटीचे सेक्रेटरी अनंतराव, हे निवृत्त हेडक्लार्क. त्यांनी दारोदार फिरून त्रेसष्ट घरांत अ‍ॅप बसवून घेतलं. राहिला चौसष्टावा फोन. तो भामाबाईचा.

सोसायटी उभी होती ती भामाबाईच्या शेतात. सगळं विकून झालं तरी कोपऱ्यातली खोली, एक गाय आणि जनावरांचा सिमेंटचा जुना हौद तेवढा तिनं विकला नव्हता. हौदामुळं सोसायटीची शोभा जाते, अशा तीन नोटिसा अनंतरावांनी तिला दिल्या होत्या. तिन्हींवर तिनं चूल पेटवली होती. आपल्या वाटणीच्या पाण्यातलं उरेल ते ती त्या हौदात ओतायची. गायीला उन्हाळा काढायचा होता.

तिचा फोन नातवानं टाकून दिलेला, जुनापुराणा. अ‍ॅप त्यावर उघडायचं आणि मिटायचं. स्वराली दोन दिवस त्याच्याशी झुंजत बसली.

"मॅडम, जुन्या फोनसाठी बरंच बदलावं लागेल."

"असे किती फोन आहेत?"

"एकच."

"मग जुने फोन बाद कर. एकीसाठी त्रेसष्ट घरं ताटकळत ठेवायची का?"

हा उपायही वहीतलाच होता. पान सतरा.

बुधवारी चारला क्लासचे संचालक काकासाहेब प्रात्यक्षिक बघायला येणार होते. अडीचला स्वराली पांढरीफटक होऊन टेबलाशी आली. निरोप जातच नव्हता.

"परवानगी मागितलीस का?" मंजुषानं विचारलं. "हे नवे फोन विचारल्याशिवाय घंटा वाजवत नाहीत."

मागितली होती. मंजुषानं आणखी चार ओळी बदलून बघितल्या. तरी फोन मुका. चाचणीच्या यादीत स्वरालीचा एकटीचाच फोन होता. खोट फोनात आहे की यादीत, तेच उमजेना. घड्याळात तीनला दहा कमी. मंजुषानं चाचणीची यादी बंद केली आणि 'सर्व सदस्य' निवडलं.

"मॅडम," स्वराली हळूच म्हणाली, "पहिलं पान..."

"मला नको शिकवूस पहिलं पान. एकदा पाठवते, लगेच मागं घेते."

तिनं कळ दाबली. 'टँकर निघाला. दहा मिनिटांत पोचतो. ड्रम मोकळे ठेवा.'

स्वरालीचा फोन खणखणला. पोरीनं टाळीच वाजवली. तेवढ्यात मंजुषाच्या पर्समधूनही तीच घंटा वाजली. मंजुषा पडद्यावर बटण शोधू लागली. गेलेला निरोप मागं घ्यायचं बटण स्वरालीनं केलेलंच नव्हतं. तपासताना ते मंजुषाच्याही ध्यानात आलं नव्हतं.

"चुकून गेला, टँकर नाही" असा दुसरा निरोप तिनं पाठवला. तो पोचलाही. पण तोवर घरोघरचे फोन खिडक्यांत पडले होते आणि त्रेसष्ट घरांचे हात साबणात होते.

चौथ्या मिनिटाला नवऱ्याचा फोन आला. शिवराज वाळूजच्या कारखान्यातली रात्रपाळी करून घरी झोपलेला असायचा.

"मंजे, लई भारी झालं बघ! सांडू दोन दिवस आधीच पाघळला!"

"तुम्ही ड्रम..."

"घासून चकाचक. राहिलेल्या पाण्यात मोटरसायकल धुतली. पडदे भिजवले. तुझ्या अ‍ॅपची सगळी गल्ली तारीफ करायली."

"अहो, सांडूला कुणी विचारलं का?"

"कशाला विचारायचं? विचारलं अन् नाय म्हणला तर?"

मंजुषानं सांडूला फोन लावला. पलीकडून इंजिनांची घरघर आली. "मॅडम, म्या भरायच्या लायनीत हाय. माझ्यापुढं एकवीस गाड्या. तुमचा नंबर शुक्रवारी. अन् कोण निघालं म्हणलात?"

ती खुर्चीत बसली ती बसलीच. चारला काकासाहेब आले, तेव्हाही ती तशीच होती. स्वरालीनं अडखळत अ‍ॅप दाखवलं. संचालकांनी जांभई दिली. मग मंजुषाच बोलली. लपवण्याचं त्राणही तिच्यात नव्हतं.

"सर, हे दाखवण्यासारखं राहिलं नाही. मी खोटा निरोप पाठवला. त्रेसष्ट घरांनी पाणी ओतून दिलं."

काकासाहेबांची जांभई अर्ध्यात थांबली. "किती घरांनी?"

"त्रेसष्ट."

"त्रेसष्टपैकी?"

"त्रेसष्टच."

"किती वेळात?"

"दहा मिनिटं लागली असतील."

काकासाहेब उठून उभे राहिले. आता खरडपट्टी निघणार म्हणून स्वरालीनं मान खाली घातली. "मॅडम," ते म्हणाले, "प्रवेशाच्या दिवसांत आपण हजार मेसेज सोडतो, सात जण उलटून फोन करतात. आणि तुमच्या एका ओळीवर अख्खी सोसायटी ड्रम घेऊन बाहेर? शेंद्र्याची खुर्ची तुमची. फक्त ते खोट्याचं कुठं बोलू नका."

मंजुषाला ओरडून नाही म्हणायचं होतं. तिच्या तोंडून निघालं, "आपण म्हणाल तसं, सर."

साडेपाचला ती सोसायटीत शिरली. ऐन मे महिन्यात गल्ली ओलीचिंब होती. दोन्ही बाजूंना ड्रम उपडे, लखलखीत. लोक फाटकाकडं तोंड करून उभे होते. अनंतराव मधोमध, फोन हातात.

"मॅडम, दहा मिनिटांचे अडीच तास झाले. दुसरा मेसेज म्हणतो टँकर नाही. आम्ही मानायचा कोणता?"

"दुसरा," मंजुषा म्हणाली. "पहिला मी पाठवला होता. चाचणी होती ती."

कुणी ओरडलं नाही. ओरडायला घसा ओला लागतो. कडेवर पोर घेतलेल्या एका बाईनं नुसतं विचारलं, "मंग ह्याच्या दुधात काय घालू, मॅडम? चाचणी?"

तेव्हा कोपऱ्यातून काठीचा आवाज आला. भामाबाई गल्लीच्या मध्यावर येऊन उपड्या ड्रमांकडं, ओल्या मातीकडं आणि धुतलेल्या मोटरसायकलींकडं बघत राहिली.

"येडे झाले का रं समदे?"

मग वळून म्हणाली, "हौदात दोन हजार लिटर असंल. घरटी दोन हंडे. तिसरा मागंल त्याच्या नडगीवर काठी. अन् सेक्रेटरीसाहेब, तुम्ही आधी या. चौथी नोटीस आणली असंल तर ती पण भिजवून न्या."

अनंतराव कळशी घेऊन आले. मान वर न करता रांगेत उभे राहिले.

मंजुषाचा नंबर शेवटचा. हंडा हौदाच्या तळाला खरवडला. भामाबाईनं विचारलं, "समद्यांला निरोप आला म्हणत्यात. मला कसा नाय आला गं?"

"मावशी, तुमच्या फोनवर चालत नव्हतं. मीच तुम्हाला वगळायला सांगितलं."

"मला वगळलं व्हय?" भामाबाईनं रिकाम्या हौदात वाकून बघितलं. "म्हणून पाणी राहिलं म्हणायचं."

शुक्रवारी सांडू आला. त्यानं नियमाप्रमाणं चौसष्ट ड्रम भरले, भामाबाईचाही एकच. हौद त्याच्या यादीत नव्हता, आणि आपल्या ड्रमातून हौदात परत दोन हंडे ओतावेत, हे कुणाच्या यादीत नव्हतं. मंजुषानं आपले दोन ओतले. तळ नुसता ओला झाला.

तर वजाबाकी अशी झाली. मंजुषाला खुर्ची मिळाली. स्वरालीला पैकीच्या पैकी गुण मिळाले. काकासाहेबांना जाहिरातीला मजकूर मिळाला. त्रेसष्ट घरांनी सहा हजारांवर लिटर पाणी मातीत घातलं आणि दोन दिवसांत भरून घेतलं. रविवारी सकाळी एक टेम्पो फाटकाशी लागला आणि भामाबाईची गाय करमाडला लेकीकडं गेली, तिथल्या विहिरीला अजून थोडं पाणी होतं म्हणून. दावं तेवढं हौदाच्या कड्याला राहिलं.