टोपीवाल्यांसमोरची दहा पावलं

शाळेत मला बदक म्हणत. कंबर हलवत झपाझप चालणारी बाई दिसली की लोकांना हसू येतं, त्याला माझा इलाज नाही. आई तर अजून विचारते, "चालण्याची कसली गं शर्यत? घाई असेल तर माणूस पळेल की."

पळायचंच तर नाही. एक पाय कायम जमिनीला हवा, आणि पुढे टाकलेला पाय टेकताना गुडघा सरळ हवा. एवढ्या दोन नियमांत माझी बावीस वर्षं गेली. पहाटे रस्त्यावर चालायचं आणि दिवसभर रुग्णालयात लोकांचे एक्स-रे काढायचे. गेल्या महिन्यात सोबतिणीला बटण दाबायला लावून स्वतःच्या उजव्या गुडघ्याचाही काढला. डॉक्टरांना दाखवायची गरज पडली नाही, झीज मलाच दिसली. फोटो कपाटात कपड्यांखाली ठेवला आणि प्रशिक्षकांना काही बोलले नाही.

ही निवड चाचणी माझी शेवटची होती. एकेक किलोमीटरच्या वीस फेऱ्या, पहिल्या तिघी संघात. छत्तिसाव्या वर्षी पुढच्या खेपेची वाट कोण बघतं?

सोळाव्या फेरीला मी तिसरी होते आणि फलकावर माझ्या नंबरासमोर दोन लाल खुणा होत्या, म्हणजे दोन लाल कार्डं, दोन्ही गुडघा वाकल्याची. तिसरी पडली की बाहेर. कार्ड कोणत्या पंचाने दिलं ते शर्यत संपेपर्यंत आम्हाला कळत नाही, तो गुपचूप लिहून पाठवतो. पण एकच पंच एकीला दोनदा देऊ शकत नाही. म्हणजे सहांपैकी दोघांची भीती संपली होती. ते दोघे कोण, एवढंच ओळखायचं होतं.

त्यातले एक टोपीवाले, म्हणजे कायम टोपी घालणारे जुने पंच, यात मला शंकाच नव्हती. पाण्याच्या टेबलापलीकडे उभे राहायचे. पंधरा वर्षांत तीनदा मला बाद करणारं तिसरं कार्ड त्यांचंच निघालं होतं. त्यांनी नाही तर कोणी दिलं असणार?

मग ठरवलं. बाकीच्यांसमोर दातओठ खात गुडघा ताठ ठेवायचा आणि टोपीवाल्यांसमोर दहा पावलं त्याला सैल सोडायचं. सतराव्या फेरीला सोडला. इतकं बरं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं. अठराव्या फेरीला पुन्हा सोडला.

विसाव्या फेरीत, शेवट तीनशे मीटरवर असताना, मुख्य पंच बाद झाल्याची लाल तबकडी घेऊन आडवे आले. तेव्हाही मी तिसरीच होते. चौथी माझ्या बाजूने निघून गेली.

टोपीवाले नंतर स्वतःहून आले. मी कठड्याला धरून उभी होते.

"पहिली दोन कार्डं कोणी दिली, मला माहीत नाही. तिसरं माझं," ते म्हणाले. "माझ्यासमोर तर तू सोळा फेऱ्या अशी चाललीस की मी मनात म्हटलं, यंदा पोरगी जाणार."

"तुमची भीती वाटायची, सर."

"सतराव्याला वाटलं, तोल गेला असेल. अठराव्याला गुडघा वाकवलास आणि वर माझ्याकडे बघून हसलीस."

हसले होते मी. खरंच हसले होते.

ते गेल्यावर मला धाय मोकलून रडायचं होतं, पण आधी फाटकापर्यंत जायचं होतं. तिथे आई उभी होती, आयुष्यात पहिल्यांदा माझी शर्यत बघायला आलेली. आता गुडघा हवा तेवढा वाकवायची मुभा होती, बघायला एकही पंच नव्हता. मी पाऊल उचललं, पण गुडघा वाकेना.