दोन ठोके

अंबूताईंना इंग्रजी येत नव्हतं, पण इंग्रजी क्रियापदांची तिन्ही रूपं त्यांना तोंडपाठ होती. गो-वेंट-गॉन. सी-सॉ-सीन. ब्रिंग-ब्रॉट-ब्रॉट. अर्थ तेवढा विचारू नका. धारवाडच्या मालमड्डीतल्या त्यांच्या दोन खोल्यांच्या घरात तीन वर्षं सकाळ-संध्याकाळ हाच जप चालला होता, आणि कानांना काही झाकण नसतं. कट-कट-कट आणि पुट-पुट-पुट ही दोन त्यांची विशेष आवडती. "एवढीच काय ती शहाणी," त्या म्हणत. "काल, आज, उद्या, कधी बघावं तेव्हा एकच तोंड. बाकीची मेली सरड्यासारखी रंग बदलतात."

शिकवणारे होते त्यांचे यजमान मुकुंदराव, हायस्कुलातून पेन्शनीत निघालेले इंग्रजीचे मास्तर. शिकणारी त्यांची धाकटी सून हेमावती. धाकटा मुलगा प्रभंजन विषमज्वरानं गेला तेव्हा ही पोर वीस वर्षांची होती. गेला तो सुटला. मागे उरलेल्यांनी काय करायचं? हेमावतीनं तोंड मिटलं ते मिटलंच. आठ महिने ती भांडी घाशी, पाणी भरी, हो-नाही मानेनंच सांगे. शेवटी एका सकाळी मास्तरांनी तिला समोर बसवलं आणि म्हणाले, "म्हण, गो."

अंबूताई स्वयंपाकघरातून तणतणत बाहेर आल्या. "विधवा पोरीला इंग्रजी शिकवून काय कलेक्टर करणार आहात?"

"गो," हेमावती म्हणाली. आवाज गंजल्यासारखा होता. मग जरा थांबून म्हणाली, "वेंट. गॉन."

अंबूताई आल्या पावली परत गेल्या आणि तव्यावरची भाकरी करपेपर्यंत चुलीपुढे रडत बसल्या. त्यानंतर या शिकवणीला त्यांनी नाव ठेवलं नाही, म्हणजे मनापासून ठेवलं नाही. जिभेला सवय असते, ती चालतच राहिली.

रूपं हेमावतीला लवकर आली. अडलं ते पुढे. भूतकाळात सुरू केलेली गोष्ट तिसऱ्या-चौथ्या वाक्याला वर्तमानात घसरे. मास्तर म्हणत, "अगं, आपल्याकडे राजा 'होता' आणि दोन वाक्यांत तो घोड्यावर 'बसतो'. ऐकणाऱ्याला काही खटकत नाही, उलट गोडी वाटते. परीक्षकाला ती गोडी नाही. ज्या काळात पाऊल टाकलंस त्याच काळातून शेवटपर्यंत चाल. गोष्टीतच कारण असल्याशिवाय उडी मारू नकोस." हेमावती मान डोलवी आणि पुढच्या उताऱ्यात पुन्हा उडी मारी. मॅट्रिकला ती पहिल्यांदा बसली तेव्हा नापास झाली ती इंग्रजीतच, आणि तीही बहुधा ह्या उड्यांपायीच.

त्याच दिवाळीत मास्तरांना अर्धांगवायूचा झटका आला. वाचा गेली, डावं अंग गेलं. उजव्या हाताची बोटं तेवढी राहिली. दुसरा कुणी असता तर शिकवणी तिथंच मिटली असती. मास्तरांनी त्या बोटांनी शिकवायला घेतलं. हेमावती खाटेशी बसून वाक्य वाची. चुकलं की खाटेच्या लाकडावर एक ठोका, बरोबर आलं की दोन. मास्तरांचे डोळे बहुतेक वेळ मिटलेलेच. अंबूताई आत बसून ठोके मोजत. कार्तिकात एकेकच ठोके पडत. माघापर्यंत घर दोन-दोन ठोक्यांनी वाजायला लागलं, आणि अंबूताईंच्या पोटात दोन घास जास्त जायला लागले.

कारण थोरला मुलगा शेषगिरी याचं बेळगावहून पत्र आलं होतं. 'अप्पांचं काही खरं नाही. त्यांच्यामागे हे घर सोडावंच लागेल. तुला आणि हेमावतीला मी इकडे घेऊन येईन. इथं घरात दहा माणसं आहेत, तिच्या हाताला काम कमी पडणार नाही.' मुलगा वाईट नव्हता. पण थोरल्या सुनेचं घर अंबूताईंनी पाहिलं होतं. तिथं एकदा हेमावती चुलीपुढे बसली की ती उठणार नव्हती, आणि तिचं तोंड पुन्हा मिटणार होतं. इकडे मुलींच्या शाळेच्या मोठ्या बाईंनी शब्द दिला होता की मॅट्रिक झाली तर जूनपासून घेते. तेव्हा हे एकच वर्ष हातात होतं.

एकोणचाळीस सालच्या मार्चातला तो शुक्रवार. बाकीचे पेपर झाले होते, इंग्रजी व्याकरणाचा शेवटचा राहिला होता, अकरा ते दोन. दहा वाजता हेमावती सासऱ्यांच्या पाया पडली आणि म्हणाली, "मामंजी, राइज-रोझ-रिझन." दोन ठोके पडले. हळू पडले, पण दोन पडले. ती गेली.

साडेदहाला अंबूताई मास्तरांना पेज भरवायला बसल्या. पहिला चमचा तोंडाच्या कडेनं ओघळला. दुसराही ओघळला. त्यांनी पदरानं पुसलं, हाक मारली, मग नाकापुढे हात धरला, आणि हात तसाच धरून बसल्या.

हंबरडा घशापर्यंत आला होता. तो बाहेर पडला असता तर सारी गल्ली आत आली असती, आणि कुणीतरी सायकलवरून शाळेकडे धावलं असतं. सासरा गेला म्हटल्यावर सुनेला पेपर पुरा करू देईल असं माणूस मालमड्डीत नव्हतं. अंबूताईंनी पदराचा बोळा तोंडात कोंबला. चाळीस वर्षांचा संसार संपला होता आणि बाईला रडायची सोय नव्हती.

दूर असलेल्याला मरणाची बातमी कानावर पडेपर्यंत सूतक लागत नाही, असं त्यांनी भटजींच्या तोंडून कितीदा तरी ऐकलं होतं. दूर म्हणजे किती दूर हे कधी विचारलं नव्हतं, आणि आज विचारायचंही नव्हतं. त्यांनी मास्तरांच्या ओठांवर तुळशीपत्र ठेवलं, गंगेचे दोन थेंब सोडले, आणि जरा वेळानं तुळशीपत्र काढून पदराच्या गाठीत बांधलं. माणसाला खाटेवर मरू देऊ नये, जमिनीवर घ्यावं. एकटीला उचलवेना. उशाशी दिवा लावावा, तर दिवसाढवळ्या लावलेला दिवा कुणाच्याही नजरेत भरला असता. त्यांनी शाल गळ्यापर्यंत ओढली आणि मास्तरांचा उजवा हात शालीवर ठेवला, रोज असायचा तसा.

दारावर भाजीवाली गौरव्वा आली. "अक्का, मास्तरु ह्यांग अदार?" मास्तर कसे आहेत, रोजचाच प्रश्न.

"मलग्यार," अंबूताई दारातूनच म्हणाल्या. झोपलेत. मेथीची जुडी घेतली, घासाघीसही केली. केली नसती तर गौरव्वाला संशय आला असता.

बाराच्या सुमाराला शेजारच्या माडीवरून वेणूबाईंची हाक आली. बाई मनानं निर्मळ, पण तोंडात तीळ भिजत नसे. "अंबक्का, चूल पेटली नाही का हो आज? धूर दिसेना!"

घरात प्रेत असताना चूल पेटवायची नसते, हे अंबूताईंना कुणी शिकवायला नको होतं. "पेटवतेच आहे बघा," त्या म्हणाल्या, आणि खरोखरच पेटवली. तीन काड्या वाया गेल्या. वर नुसत्या पाण्याचं पातेलं चढवलं. 'देवा, हे पाप माझ्या नावावर लिही,' त्या पुटपुटल्या, 'पोरीच्या नावावर नको.'

धूर वर गेला आणि वेणूबाई खाली आल्या. हातात हळदकुंकवाची कोयरी. चैत्र लागला होता, गौर बसली होती. "संध्याकाळी आमच्याकडे हळदीकुंकू आहे, यायचं बरं का अंबक्का. मास्तरांजवळ हेमावती बसेल की घटकाभर." त्यांनी आत डोकावून पाहिलं. "झोप लागलीय वाटतं?"

"आत्ताच लागलीय. रात्रभर तळमळत होते."

"झोपू दे बाई, झोपू दे." वेणूबाईंनी कोयरी उघडली.

अंबूताई एक पाऊल मागे सरल्या. मागं खाटेची कड लागली. 'नको' म्हणायला तोंड उघडलं असतं तर त्यामागून सगळंच बाहेर आलं असतं. त्यांनी डोळे मिटले आणि कपाळ पुढे केलं. वेणूबाईंनी हळद लावली, कुंकू लावलं, चांगलं ठसठशीत लावलं. "अखंड सौभाग्यवती राहा," त्या थट्टेनं म्हणाल्या, कारण त्या वयानं लहान होत्या आणि आशीर्वाद द्यायचा मान त्यांचा नव्हता. अंबूताईंनी हसल्यासारखं केलं. माणसाकडून काय काय होऊन जातं, ते ज्याचं त्यालाही नंतर खरं वाटत नाही.

वेणूबाई गेल्यावर त्या खाटेपाशी येऊन बसल्या. शाळेनं मास्तरांना निरोपाच्या वेळी दिलेलं घड्याळ भिंतीवर टकटकत होतं. एक वाजला. सव्वा वाजला. मास्तरांचं शिकवणं त्यांच्या कानात घुमत होतं: ज्या काळात पाऊल टाकलंस, त्याच काळातून शेवटपर्यंत चाल. "चालतेय हो," त्या मास्तरांना म्हणाल्या. "सकाळपासून तुम्हाला झोपवून ठेवलंय सगळ्यांच्या तोंडावर. आता दोन वाजेपर्यंत मला सांभाळा." मास्तरांचा हात गार पडला होता. तो त्यांनी आपल्या दोन्ही हातांत धरला, जणू ऊब दिली तर राहील.

अडीचला हेमावती आली. दारातच सांगायचं, तिचा हात धरून सांगायचं, असं अंबूताईंनी ठरवलं होतं. वाक्यसुद्धा जुळवून ठेवलं होतं. पण पोरीचा चेहरा त्यांनी पाहिला. प्रभंजन गेल्यापासून तो चेहरा त्यांनी पाहिला नव्हता. उन्हानं लाल झालेली, धापा टाकत होती, आणि हसत होती. ती पाय धुवायलाही थांबली नाही. थेट खाटेशी जाऊन जमिनीवर बसली, रोजच्या जागी, आणि प्रश्नपत्रिका उलगडली.

"मामंजी, उताराच आला होता! शेतकरी बाजाराला जातो, बैल विकतो, वाटेत नदीला पूर येतो. सगळं भूतकाळात लिहायचं होतं. चौदा क्रियापदं. मी चौदाही मोजली. एकदासुद्धा उडी मारली नाही, शेवटच्या ओळीपर्यंत तशीच चालत गेले. ऐका हं."

आणि ती वाचायला लागली. अंबूताई उशाशी बसल्या होत्या. वेंट आलं, सॉ आलं, ब्रॉट आलं, आणि ओळखीचं माणूस गर्दीत दिसावं तसं एकेक रूप त्यांना ओळखता येत होतं. थांबवायला हवं होतं. पण ज्यासाठी ही पोर तीन वर्षं बसली आणि ज्यासाठी त्या चार तास बसल्या, ते पुरं झाल्याशिवाय त्यांच्यानं थांबववेना.

हेमावतीनं शेवटचं वाक्य वाचलं आणि डोळे मिटून वाट पाहिली, रोज पाहायची तशी.

खोलीत घड्याळाचीच काय ती टकटक होती.

"चुकलं का, मामंजी?" तिनं हळूच विचारलं.

तो आवाज पुन्हा गंजायला लागला होता. अंबूताईंना ते सहन झालं नाही. त्यांनी हात खाली नेला आणि खाटेच्या लाकडावर बोटानं दोन ठोके दिले.

ठोक्यांमागून काचेच्या बांगड्या वाजल्या.

हेमावतीनं डोळे उघडले. आधी अंबूताईंचा हात पाहिला, मग शालीवरचा मास्तरांचा हात पाहिला, मग सासूच्या कपाळावरचं ठसठशीत कुंकू. प्रश्नपत्रिका तिच्या हातातून खाली पडली.

"बरोबर आहे गं बाई," अंबूताई म्हणाल्या. "सगळं बरोबर आहे." आणि मग साडेदहापासून कोंडून ठेवलेला हंबरडा फुटला, आणि वेणूबाई हातातलं काम टाकून धावत आल्या.

जूनमध्ये निकाल लागला. हेमावती तो पाहून आली आणि दारात उभी राहिली. तिनं नुसती होकाराची मान हलवली. अंबूताई उंबऱ्याशी तांदूळ निवडत बसल्या होत्या. खाट केव्हाच कुणाला तरी देऊन टाकली होती. त्यांनी दाराच्या चौकटीवर बोटानं दोन ठोके दिले. हातात बांगड्या नव्हत्या, त्यामुळे नुसतं लाकूडच वाजलं.