कान कापलेला प्रोग्राम

मित्रांनो, मी एक जुना प्रोग्राम आहे. मेंढरं मोजतो. कळपासमोर मोबाइल धरा, एकही मेंढरू माझ्या नजरेतून सुटायचं नाही.

मला लिहिलं हिंगोलीकडच्या गोरेगावच्या रागिणीनं. तिचे वडील मसाजी मेंढपाळ. त्यांच्याकडे मेंढराच्या कानाला खाच पाडतात, ती मालकाची खूण. विकत घेणारा तिच्याशेजारी आपली खाच पाडतो, जुनी मिटवत नाही. चोर मात्र खाचेसकट कानच कापून टाकतो, म्हणून कान कापलेलं मेंढरू दिसलं की ते चोरीचं समजायचं. रागिणीनं माझ्या पहिल्या ओळीत स्वतःचं नाव लिहिलं. खाली लिहिलं, 'कुणीही वापरा, बदला. वरची नावं मात्र राहू द्या.' मग मला इंटरनेटवर सगळ्यांसाठी मोकळं सोडलं.

हिंगोलीच्या नचिकेतनं मला उचललं. खोटं कशाला बोलू, त्यानं माझं भलंच केलं. धुळीत मला काही दिसायचं नाही, ती माझी नजर त्यानं साफ केली. पण एका दुपारी त्यानं माझी पहिली ओळ पुसली. रक्त आलं नाही, इतकंच. तिथं त्यानं स्वतःचं नाव ठोकलं आणि जिल्हाभर वाहवा मिळवली.

पुढे रागिणीनं मला कॉलेजात प्रकल्प म्हणून दाखवलं. सर सगळ्यांदेखत म्हणाले, "हे तर नचिकेतचं चोरलंस!" त्यांनी तिला नापास केलं. घरी येऊन ती जेवली नाही. तिचा भाऊ शिवप्रसाद काठी घेऊन हिंगोलीच्या जीपमध्ये बसला.

नचिकेतच्या लॅपटॉपचा कॅमेरा चालू होता, म्हणून पुढचं सगळं मी पाहिलं. शिवप्रसादनं लाथेनं दार उघडलं.

"माह्या बहिणीचं नाव काहून कापलंस रे?"

पहिली काठी पाठीत बसली, दुसरी कानावर. कान फाटला. रक्त पडद्यावर उडालं. नचिकेत टेबलाखाली शिरला, तर शिवप्रसादनं केसांना धरून त्याला ओढून काढलं आणि त्याचं डोकं टेबलावर आपटलं. मी आपला पडद्यावर दाखवत राहिलो, मेंढरं शून्य. मला दुसरं येतच काय होतं? फार वाईट वाटलं मला.

"आता तुहं नाव खोड!"

"खोडतो भाऊ, मारू नका!" नचिकेत स्वतःची ओळ पुसू लागला.

तेवढ्यात मागच्या जीपनं आलेली रागिणी धावत आत शिरली. तिनं काठी दोन्ही हातांनी धरली. तळहात सोलून निघाले, पण तिनं सोडली नाही.

"दादा, त्याचं नाव नको काढू!"

"तू त्याचीच बाजू घेऊन राहिली व्हय?"

"धुळीतलं मेंढरू त्यानं दाखवलं. मला ते जमत न्हवतं. त्याची खाच कापली तर आपण बी चोरच की!" मग ती नचिकेतकडे वळली. "माझं नाव वर लिही, खाली तुझं. अन् सरांना तूच सांगायचं."

त्यानं दोन्ही नावं लिहिली. रागिणीनं आपली ओढणी फाडून त्याच्या कानाला बांधली. शिवप्रसादला पोलीस घेऊन गेले. टाके घातलेल्या कानानं नचिकेत कॉलेजात गेला, सगळ्यांदेखत खरं बोलला. रागिणी पास झाली. त्याच्या कानाची खाच मात्र कायमची राहिली.

मित्रांनो, मला हवं तसं बदला. भर घाला, खाली आपलं नाव अभिमानानं लिहा. पण वरची नावं पुसायला बोट पुढे कराल, तेव्हा एवढं आठवा. मेंढरू निदान ओरडतं. मला ओरडता येत नाही.