स्पिरोच्या ओट्यावरची ब्रीकी

मित्रांनो, मी एक जुनी तांब्याची ब्रीकी आहे. ब्रीकी म्हणजे कॉफी उकळायचं छोटं, लांब दांडीचं भांडं. आम्हा ग्रीक लोकांच्या घरी माझ्यावाचून सकाळ होत नाही. वय झालं आहे, पोटावर दोन पोचे आहेत आणि स्वभावाने मी जरा तिखट आहे, हे आधीच सांगून टाकते. पण माझं आयुष्य नुसतं चुलीवर गेलं नाही. मी एकोणीस वर्षं ऑस्ट्रेलियाच्या टीव्हीवर काम केलं आहे!

माझा जन्म कालिम्नोस बेटावरच्या एका तांबटाच्या दुकानात झाला. त्याने मला ठोकून ठोकून आकार दिला, आतून कल्हई केली आणि दारात टांगून ठेवलं. कॅलिओपी नावाच्या एका नव्या नवरीने मला विकत घेतलं. पुढे ती बोटीने मेलबर्नला आली, तेव्हा तिने मला लोकरी मोज्यांत गुंडाळून आणलं. तिचा मुलगा मानोलिस तेव्हा नऊ वर्षांचा होता आणि सगळा प्रवासभर ओकत होता. हे पोरगं पुढे नाव काढेल, असं कुणाला वाटलं नसतं. मला तर मुळीच वाटलं नव्हतं.

मोठा झाल्यावर मानोलिस ट्रामचा कंडक्टर झाला. शनिवारी तो ग्रीक क्लबात नाटकं करायचा. कॅलिओपीला ते पसंत नव्हतं. "तिकिटं फाड आणि गप घरी ये," ती म्हणायची. "तोंडाला रंग फासून कुणाचं भलं झालंय?" पण तो ऐकतोय कशाला! हळूहळू त्याला टीव्हीवर बारीकसारीक कामं मिळू लागली. चार वर्षांत तो तीनदा चोर झाला, दोनदा आचारी आणि एकदा प्रेत. प्रेत झाला त्या दिवशी कॅलिओपी पडद्यासमोर बसून ओक्साबोक्शी रडली. मानोलिस शेजारीच ऑलिव्ह खात बसला होता.

"अगं आई, मी इथे आहे ना!"

"गप रे," ती डोळे पुसत म्हणाली. "बघू दे मला."

मग 'टॅनर्स कॉर्नर' नावाची मालिका आली. एका गल्लीतल्या माणसांची गोष्ट, आठवड्यातून पाच दिवस. त्यात स्पिरो नावाच्या ग्रीक फळवाल्याचं दोन दिवसांचं काम होतं आणि वाक्यं फक्त तीन. मानोलिस स्टुडिओत गेला तर स्पिरोच्या ओट्यावर चिनी मातीची, फुलाफुलांची चहाची किटली! सेटवरचं सगळं सामान नोरीन सांभाळायची. उंच, हाडकुळी, केसांत कायम पेन्सिल खोचलेली. मानोलिस तिच्याकडे गेला.

"ग्रीक माणसाच्या ओट्यावर चहा? माझी आई टीव्ही फोडेल."

"मग तुझ्या आईचं काय असेल ते घेऊन ये," नोरीन म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तो मला घेऊन गेला. नोरीनने ओट्यावरच्या भिंतीला खिळा ठोकून मला टांगलं. त्या दिवशी शेजारच्या मार्जबाई कलिंगड परत करायला येतात असा प्रसंग होता. मानोलिसने मला खिळ्यावरून काढलं, मार्जबाईंसाठी कॉफी ओतली आणि ओतता ओतता कलिंगडावरून त्यांना असं काही झापलं, की कॅमेऱ्यामागची माणसं तोंड दाबून हसू लागली. लेखकांना स्पिरो आवडला. दोन दिवसांचे दोन महिने झाले आणि दोन महिन्यांची एकोणीस वर्षं.

काय दिवस होते ते! बाजारात लोक मानोलिसला थांबवून आंबे पारखून मागायचे. त्याला फळांतलं ओ की ठो कळत नव्हतं. "जन्मभर फळं विकतोस आणि घरी आणलेलं कलिंगड पांढरंफटक," त्याची बायको वूला म्हणायची. माझंही कौतुक झालं. एका बाईंनी लांबच्या गावाहून पत्र पाठवून विचारलं होतं, की स्पिरोसारखं भांडं कुठे मिळेल. मी कितीतरी दिवस गर्वाने फुगले होते. अर्थात नाताळात चित्रीकरण बंद झालं, की मला कपाटात एका प्लास्टरच्या कुत्र्याशेजारी ठेवायचे आणि सहा-सहा आठवडे कुणी विचारायचं नाही. धूळ खाणं काय असतं, ते मला माहीत आहे.

आता आमच्या धंद्यातली एक गोष्ट सांगते. मालिकेत पुढे काय होणार, ते नटांना फार उशिरा कळतं. पण सामान जमवायचं असल्यामुळे नोरीनला महिनाभर आधी कळतं. म्हणून जुने नट पटकथेची वाट बघत नाहीत, ते नोरीनच्या खोक्यांवर नजर ठेवतात. मालिकेत एक परिचारिका होती. नोरीनने तिची छत्री खोक्यात भरली आणि तीन आठवड्यांनी ती बिचारी गाडीसकट कड्यावरून खाली गेली. खोकं भरलं की माणूस संपला.

आणि एका सोमवारी नोरीनने मला खिळ्यावरून काढलं. वर्तमानपत्रात गुंडाळलं, खोक्यात ठेवलं, वर चिकटपट्टी लावली आणि पेन्सिलीने लिहिलं, 'स्पिरो, स्वयंपाकघर'.

थोड्याच वेळात मानोलिस आला. रिकामा खिळा त्याने पाहिला, मग खोकं पाहिलं.

"नोरीन," तो म्हणाला, "हे काय?"

"मला काही विचारू नकोस, मानोलिस. तोंड उघडायचं नाही अशी सक्त ताकीद आहे. वर्तमानपत्रवाले टपलेत." तिने तोंडावर हात धरला आणि पाठ फिरवली. तिचे खांदे हलत होते.

ती रडतेय, असं त्याला वाटलं. मलाही तसंच वाटलं.

मित्रांनो, तेव्हा तो एकसष्ट वर्षांचा होता. ट्रामवर कंडक्टर उरले नव्हते आणि म्हाताऱ्या ग्रीक नटाला दुसरीकडे कोण घेणार? पुन्हा चोर, पुन्हा प्रेत! पुढचे दोन दिवस तो सेटवर सगळ्यांशी नको इतका गोड वागला. रंगभूषावाल्या बाईला त्याने आपली शाल देऊन टाकली. प्रकाशयोजनावाल्याशी त्याचं आठ वर्षांचं भांडण होतं, तेही मिटवलं. तो प्रकाशयोजनावाला इतका घाबरला, की त्याने मानोलिसची तब्येत विचारली.

बुधवारी जेवणाच्या सुट्टीत त्याने खोकं फोडलं आणि मला डब्याच्या पिशवीत कोंबलं. "आई, यांनी मला काढलं तर काढू दे," तो पुटपुटला. "पण तुला या अडगळीत नाही सोडायचा." कॅलिओपीला जाऊन तेव्हा सहा वर्षं झाली होती. तो माझ्याशी बोलत होता की तिच्याशी, कोण जाणे. मला मात्र गहिवरून आलं.

घरी वूलाने मला पाहिलं मात्र, कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"ही इथे कशी?"

"कल्हई करायला आणलीय."

"कुणाकडून? कल्हईवाला वारला, तू त्याच्या अंत्ययात्रेला गेला होतास. खरं बोल."

तो खुर्चीत बसला आणि त्याने सगळं सांगितलं. वूला एरवी शब्दाला शब्द देणारी. पण त्या दिवशी ती सरळ चुलीकडे वळली. तिने माझ्यात कॉफी केली, त्याच्यासमोर ठेवली आणि त्याच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली.

"निदान तूच जाऊन विचार त्यांना," शेवटी ती म्हणाली. "माणसाने उभ्याने ऐकावं."

गुरुवारी सकाळी तो मला घेऊनच स्टुडिओत गेला. तिथे हलकल्लोळ! नोरीन डोक्यावर हात मारत खोकी उपसत होती. "ब्रीकी कुठंय? तासाभरात चित्रीकरण आहे! ब्रीकी नाही तर प्रसंग नाही!"

मानोलिसने मला पिशवीतून काढलं. "मी नेली. माझ्या आईची आहे. तुम्ही मला काढलंत, ते ठीक. पण तिला मी इथे सोडणार नाही."

नोरीनने हातातलं खोकं खाली ठेवलं. "तुला कुणी काढलं?"

"खोकं भरलंस ना तू! रडत होतीस ना!"

"अरे देवा! मी रडत नव्हते, मूर्खा, हसू दाबत होते!" तिने त्याचं मनगट धरलं आणि त्याला ओढतच मागच्या दालनात नेलं. तिथे नवंकोरं स्वयंपाकघर उभं होतं. खिडकीला मार्जबाईंचे पडदे, कोपऱ्यात मार्जबाईंचा रेडिओ आणि ओट्यावरच्या भिंतीत एक नवा, चकचकीत खिळा. दारावर पाटी होती, 'स्पिरो आणि मार्ज यांचं घर'.

"प्रेक्षकांनी दहा वर्षं पत्रं लिहून डोकं खाल्लंय," नोरीन म्हणाली. "शेवटी लेखक नमले. आज तू मार्जला हे घर दाखवतोस, पटकथा आत्ताच आलीय; पुढच्या महिन्यात लग्न आहे तुझं."

मानोलिस मटकन खाली बसला. आधी हसला, मग रडला, मग दोन्ही एकदम. मला त्याने छातीशी इतकं घट्ट धरलं होतं, की पोटाला तिसरा पोचा पडतो की काय असं वाटलं. पण खरं सांगते, सगळं अंग हलकं झालं होतं. नोरीनचा चेहरा मात्र पडला. "तीन दिवस तू हे मनात घेऊन फिरलास?" ती हळूच म्हणाली. "माझ्या लक्षातच आलं नाही रे."

तसाच उठून त्याने घरी फोन लावला.

"वूला! मला काढलं नाही! माझं लग्न लावतायत!"

"कुणाशी?"

"मार्जशी!"

पलीकडून वूला म्हणाली, "बिचारी मार्ज." आणि एवढ्या मोठ्याने रडू लागली, की फोनपासून हातभर लांब असलेल्या मलाही ते ऐकू आलं.

मित्रांनो, आम्हा वस्तूंना जपा, धूळ पुसा, हे मी सांगणारच, तो माझा हक्क आहे. पण त्याहून मोठी विनंती दुसरी आहे. त्या तीन दिवसांत माझा माणूस दहा वर्षांनी म्हातारा झाला होता आणि ते टाळायला एक वाक्य पुरलं असतं. घरातल्या, कामावरच्या जुन्या माणसाची खुर्ची, पेटी, भांडं हलवायचं असेल, तर आधी त्याच्याजवळ जाऊन बसा आणि का हलवताय ते सांगा. नोरीन ते शिकली. आता चिकटपट्टी हातात घ्यायच्या आधी ती त्या नटाच्या खोलीचं दार वाजवते आणि आत डोकावून पहिलं वाक्य म्हणते, "घाबरू नकोस, आधी ऐक."