दादा वाजवेल

"थांबव ते! त्या माणसाचा व्हायोलिनवरचा गज कधी संपतच नाही का?" दादा मागून खेकसला.

धाकटीने माउसवरचा हात काढला. सकाळपासून ती सुरावटीच्या त्याच चार ओळींवर अडून बसली होती. संगणकात कुणा परक्या वादकाचा एकेक सूर सुटा ध्वनिमुद्रित करून ठेवलेला होता. ते सूर एकापुढे एक मांडले की व्हायोलिन वाजायचं खरं, पण दारावरची बेल वाजावी तसं. तिने सुराचा कंप जरा उशिरा सुरू केला, दोन सुरांमध्ये घसरत जाणारी मींड घातली, तोच सूर लागोपाठ आला तिथे वेगळं ध्वनिमुद्रण लावलं. काही केल्या त्यात जीव येईना. ती उठली, खिडकी उघडली, पुन्हा लावली आणि परत येऊन बसली.

"संध्याकाळी द्यायचंय, दादा."

"मग सांगून टाक, नाही जमत म्हणून."

"मी शब्द दिलाय."

"तू दिलास. मला विचारलं होतंस?"

विचारलं नव्हतं. दादाने उभी हयात व्हायोलिनवर काढलेली. पण खांदा आखडला तसा उजवा हात छातीच्या वर जाईना आणि कामं बंद झाली. नाटकाच्या दिग्दर्शकाने शेवटच्या प्रवेशासाठी एकट्या व्हायोलिनचा तुकडा मागितला, तेव्हा हिच्या तोंडून निघून गेलं, "दादा वाजवेल." कामाच्या ओढीने खांदा सुटेल, असं तिला वाटलं होतं. खांदा कसला सुटतोय! काल त्याने व्हायोलिन हनुवटीखाली धरलं आणि पहिल्याच सुराला गज हातातून गळून पडला. मग तिनेच सुचवलं, संगणकावर करू, कुणाला कळणार आहे? त्यावर तो हो म्हणाला नाही, पण उठूनही गेला नाही.

"मग तूच सांग ना, कुठे चुकतंय ते!"

"सांगून कळतं होय? गज ओढताना जड होतो, टोकाशी येता येता हलका. उलटा फिरवताना माणूस किंचित बिचकतो. तुझा हा गडी बिचकतच नाही."

तिने कीबोर्ड त्याच्यापुढे सरकवला. कडेला एक छोटा दांडा होता. "हा वर नेलास की आवाजाला जोर येतो, खाली आणलास की हलका होतो. घे."

"डाव्या हाताने?"

"उजवा चालतोय का?"

बोलून गेली आणि तिने जीभ चावली. दादाने तिच्याकडे एकदा पाहिलं, मग पायाने खुर्ची ओढली.

आधी सुरांना नुसते हिसके बसले. दादाने एक शिवी हासडली. "परत." पुन्हा हिसके. "परत लाव!" किती वेळा लावलं कोण जाणे. मग केव्हातरी त्याने डोळे मिटले. तिसऱ्या ओळीत त्याने सूर इतका बारीक केला, की आता तुटतो असं तिला वाटलं. सूर तुटला नाही. तिने वळून पाहिलं, तर दादाचं उजवं कोपर अंगालगत हळूहळू हलत होतं.

तुकडा पाठवला आणि थोड्याच वेळात दिग्दर्शकाचा फोन आला. तिने स्पीकर लावला.

"ताई, अंगावर काटा आला हो! दादांना सांगा, हात अजून तसाच आहे."

"हो ना, मी सांगते त्या—"

"मी ऐकतोय," दादा मध्येच म्हणाला. "हे मी वाजवलेलं नाही. सूर दुसऱ्याचे आहेत, जुळवलेत हिने. मी नुसता दांडा हलवला. माझा हात गेलाय."

धाकटीला वाटलं, झालं, काम गेलं.

"नाटकाच्या फलकावर तुमचं नाव लिहून झालंय, दादा," दिग्दर्शक हळू आवाजात म्हणाला.

"पुसा. संगीत म्हणून हिचं घाला."

"आणि व्हायोलिन?"

"तिथे कुणाचंच नको."

"बरं. पण तुकडा हाच ठेवतो मी."

फोन बंद झाल्यावर ती उसळली, "काय गरज होती रे?"

"तिसरी ओळ लाव," दादा म्हणाला. "तिथे मी घाई केली."

"अरे, पाठवून झालंय!"

"माहितीये. लाव तू."

तिने लावली. दादाने खुर्ची आणखी पुढे घेतली.