ढोलाखालची मिना

बंजाऱ्यांच्या तांड्यात नवरी सासरी निघताना ढावलो म्हणते. एकेकाच्या गळ्यात पडायचं आणि रडत रडतच चालीवर गायचं. जिला तो येत नाही, तिच्या आईला बायका वर्षभर टोमणे मारतात. रूपाबाईला ती भीती नव्हती. तिच्या मिनानं अशी चाल लावली, की वऱ्हाडातले भलेभले पागोट्याच्या शेवानं डोळे पुसू लागले.

मिनाचा चुलतभाऊ दिपक तेव्हा कनेरगाव नाक्यावर मोबाइलमध्ये गाणी भरून द्यायचा. त्यानं तो ढावलो मोबाइलवर उतरवून घेतला. पण दिपकचे हात स्वस्थ बसतील तर शपथ! कॉम्प्युटरवर त्यानं मिनाच्या आवाजाखाली ढोल घातला, शिट्ट्या घातल्या, मधे स्वतःचं नावही घुमवलं. ब्लूटूथनं ते गाणं या तांड्यावरून त्या तांड्यावर गेलं, आणि बघता बघता त्याच्यावाचून वरात पुढे सरकेना. माहेरी आलेली मिना ते ऐकून पोट धरून हसली. "माझ्या रडण्यावर नाचून राहिले की रे हे!"

पुढच्या साली पहिल्या बाळंतपणात मिना गेली. लेकरूही गेलं.

दिवस झाल्यावर रूपाबाई नाक्यावर आली. "दिपक, ते ढोलाबिगरचं लाव रे. नुसती मिना."

दिपकनं मान खाली घातली. "न्हाई राहिलं, काकी. कार्डात जागा नव्हती. नवी गाणी भराया पुसून टाकलं."

"पुसलं?"

"ढोल लावून गाणं झालं व्हतं ना. मला वाटलं, कच्चं कशाला ठेवायचं."

त्याच्यावर चिडून लेक थोडीच परत येणार होती? मग ढोलासकट तर ढोलासकट. पण दिपकच्या मोबाइलच्या चिमुकल्या भोंग्यातून मिना डासासारखी गुणगुणायची. डीजेच्या मोठ्या डब्यांतून मात्र ती खणखणीत यायची. गाण्याच्या मधोमध ढोल थांबायचा आणि मिनाची एकटीची हाक यायची, "याडी ये...!" म्हणजे आई गं. मग पुन्हा ढोल कोसळायचा.

त्या एका हाकेसाठी रूपाबाई दिसेल त्या लग्नाला जाऊ लागली. पण माणसं चांगली होती, तिथंच घोडं अडलं. ती मांडवापाशी दिसली, की कुणीतरी धावत जाऊन गाणं बंद करायचं. बिचारीला तकलीफ नको. इतक्या मायेच्या माणसांत रूपाबाईएवढं एकटं कुणी नव्हतं.

तांड्यातल्या प्रेमदासच्या पोराच्या वरातीतही तसंच झालं. हाक आता येणार, तोच सगळं चिडीचूप. रूपाबाई तडक डीजेवाल्याकडे गेली.

"बंद काहून केलं?"

"मावशी, तुमाला तरास..."

"वाजव म्हणते न!"

त्यानं पहिल्यापासून लावलं. पण नाचणार कोण? पोरं मयतीला आल्यासारखी माना खाली घालून उभी राहिली. प्रेमदासनं डीजेवाल्याला खुणावलं, त्याचा हात बटणाकडे निघाला. रूपाबाईला ते दिसलं. नाचणारं कुणी असेल तरच गाणं चालणार होतं.

तिनं ओढणी कमरेला खोचली, हात वर केले आणि त्या मोकळ्या रिंगणात एकटीच नाचू लागली. बायकांनी तोंडाला पदर लावले. "खुळावली गं," कुणी तरी म्हणालं. डीजेवाल्याचा हात थांबला.

ढोल थांबला.

"याडी ये...!"

"हाय बेटा, हितंच हाय," रूपाबाई म्हणाली, आणि तिनं पाय थांबू दिले नाहीत.