वृंदापुरती वाटी

मी एक वाटी. स्टीलची, आमटीलाही अपुरी पडेन एवढी. उल्हासनगर कॅम्प पाचच्या भांड्यांच्या दुकानात वृंदाच्या आईने मला उचललं आणि माझ्यावर लेकीचं नाव कोरून घेतलं, तेव्हा सिंधी दुकानदार हसला होता. "माई, इसमें तो बच्चे का भी पेट नहीं भरेगा."

पण वृंदाला तेवढंच खायचं होतं. वजन एकशे बावीस किलोंवर गेलं म्हणून सत्त्याण्णव साली मुंबईच्या डॉक्टरांनी ऑपरेशन करून तिचं जठरच लहान केलं. त्यांनी बजावलं होतं, दिवसातून सहा वेळा एक वाटी, गोळ्या जन्मभर, आणि दीड वर्ष मूल नको.

वृंदा सडसडीत झाली मात्र, आठ महिन्यांत आईने तिला अंबरनाथ पूर्वेला उजवून टाकलं. "ऑपरेशनचं अवाक्षर काढू नकोस. वण अपेंडिक्सचा म्हणून सांग." मीही तिच्या भांड्यांबरोबर सासरी गेले. मला तेव्हाच धडकी भरली होती.

तीन महिन्यांत दिवस राहिले. सासूबाई, इंदुबाई, जीव लावणाऱ्या. "अगं, दोन जिवांची तू, आणि चिमणीएवढं खातेस?" असं म्हणून त्यांनी मला मिसळणाच्या डब्यात हळदीवर टाकलं आणि वृंदापुढे भरलं ताट ठेवलं. ती गिळायची आणि मोरीत जाऊन ओकायची. गोळ्याही बंद केल्या. कशाच्या म्हणून सांगणार?

नगरपालिकेच्या नर्सबाई घरी आल्या. "रक्त फारच कमी आहे हिचं. आधी पोटाचं मोठं ऑपरेशन झालंय का?"

वृंदाने सासूकडे पाहिलं. "नाही. अपेंडिक्सचंच."

डब्यात मी जीव तोडून ओरडले. वाटीचं कोण ऐकतं?

सातव्या महिन्यात डोहाळजेवण झालं. पाच सवाष्णींनी घास भरवले, तिने हसत खाल्ले आणि अंधार पडेपर्यंत ओकत राहिली. पंधरा दिवसांनी मुलगी झाली, किलोभराची. नऊ दिवस जगली.

इस्पितळात सगळं उघड झालं. घरी आल्यावर इंदुबाईंनी मला डब्यातून काढलं आणि घासून धुतलं. "मला सांगितलं असतंस, तर वाटी-वाटीने भरवलं असतं गं."

"लग्नाआधी सांगितलं असतं, तर मला सून करून घेतलं असतंत, आई?"

इंदुबाईंनी मला मऊ भाताने भरलं आणि तिच्यापुढे ठेवलं.

आता त्या दिवसभर मला भरून तिच्यापुढे ठेवतात आणि मी भरलेलीच परत येते. वृंदा, पोरी, मला भंगारात दे हवं तर. पण आजचा एक घास घे.